हीटर निवेपर्यंत

ट्रुगानिना, १८ मे २०२५

प्रिय कुमार,

फोन न करता मेल का करते आहे, ते आधी सांगते. आईंसमोर या विषयावर बोलता येत नाही, आणि माझं व्हॉट्सॲप त्या माझ्याआधी वाचतात. "वाजला म्हणून बघितला," म्हणतात आणि सगळा मजकूर तोंडपाठ सांगतात. मेलपर्यंत अजून पोचलेल्या नाहीत.

मंडळाने गेल्या वर्षी एका शाळेकडून बावीस सीटची जुनी बस घेतली, ते तुला माहीत आहे. पुण्या-मुंबईहून मुलांकडे आलेल्या आईवडिलांना दर शनिवारी घरोघरून घ्यायचं, कुठेतरी फिरवायचं, संध्याकाळी पोचवायचं. चालवते मी. लायसन्स काढलं ते तुझ्या आईने टोचलं म्हणून. "कार मागे घेताना घामाघूम होतेस, तू कसली बस चालवणार!" एवढं मला पुरलं. आणि त्या स्वतः कंडक्टर. कोणाचा गुडघा कोणत्या सीटवर दुखणार नाही, कोण कोणाशेजारी बसलं तर भांडणार, सगळं त्यांच्या डोक्यात. "प्रवासी हो, आत सरका," असं त्या ओरडल्या की निम्मी बस पुन्हा शाळकरी होते.

अडचण अशी. बसखाली मागच्या चाकाजवळ एक डबा आहे. डीझेल जाळून तो इंजिनाचं पाणी गरम करतो, ते पाणी नळ्यांमधून सीटखाली फिरतं आणि पंखे गरम हवा फेकतात. थंडी सुरू झाल्यापासून तो मधूनच रुसतो. बटण दाबलं की पंखा फिरतो, टिकटिक ऐकू येते, ढगासारखा पांढरा धूर निघतो, दोनदा प्रयत्न होतो आणि लाल दिवा लुकलुकायला लागतो. मग काही केल्या पेटत नाही. तू गॅस प्लांटमध्ये बर्नरच सांभाळतोस. मी संख्याशास्त्र शिकवते. सरासरी काढून हीटर पेटत नाही.

लीना, आमची अध्यक्ष, म्हणते की असंच चाललं तर थंडीभर बस बंद ठेवू, पुढचं मग बघू. ते "मग बघू" कसं असतं ते आपल्याला ठाऊक आहे. बस बंद झाली तर आई ऑगस्टच्या तिकिटावर नक्की परत जातील. आताच म्हणतात, "इथे माझ्यावाचून काय अडलंय?"

तुझा राघवदादा सिडनीला आहे, प्रोजेक्ट संपेपर्यंत तिकडेच. हे तुझ्यावरच टाकते आहे.

नीला

*

डार्विन, २१ मे

वहिनी,

इथे हीटर हा शब्द उच्चारला तरी लोक हसतात. कॅन्टीनमध्ये एकाला तुझी अडचण सांगितली तर म्हणाला, "बस इकडे घेऊन ये, मेट, उन्हात लाव."

आता कामाचं. एका वेळी एकच गोष्ट तपासायची, हे तुला मी सांगायला नको.

पहिलं, वीज. हीटर पेटताना आतली छोटी कांडी लालभडक होते, तेव्हा ती भरपूर वीज खेचते. बॅटरी नुसती असताना मोजू नकोस. हीटर सुरू होत असताना, हीटरच्याच तारेवर मोज. जुन्या बसमध्ये बॅटरी धडधाकट आणि वाटेतला जोड गंजलेला, असं फार असतं. दुसरं, डीझेल. हीटरकडे जाणारी बारीक नळी सोडवून पारदर्शक बाटलीत धर आणि हीटर लाव; ती टिकटिक डीझेलच्या पंपाची असते. प्रत्येक टिकेला थेंब यायला हवा, बुडबुडा नव्हे. तिसरं, धूर जाणारी नळी. आत चिखल, पानं, कोळ्याचं घर, काहीही असू शकतं. हातमोजे घाल.

तिकिटाचं म्हणशील तर ते माझ्याकडे आहे, तारीख बदलता येते. पण आई ऑगस्टला गेली तर तुलाही जरा मोकळा श्वास घेता येईल, हे मी समजू शकतो. वर्ष उलटून गेलं. तसं वाटण्यात काही गैर नाही.

कुमार

*

ट्रुगानिना, १ जून

प्रिय कुमार,

वीज ठीक आहे. हीटर पेटायच्या प्रयत्नात असतानाच मोजली, फार कमी होत नाही. एक जोड हिरवा पडला होता, घासून स्वच्छ केला. फरक नाही.

डीझेलही ठीक आहे. घरात पारदर्शक अशी एकच रिकामी बरणी सापडली. ईशानी दारातून ओरडली, "मम, नो! दॅट्स आजीज लोणचं जार!" आता ती बरणी कायमची बसची झाली. थेंब छान पडत होते, बुडबुडा नव्हता.

तिसऱ्या गोष्टीत चोर सापडला. नळीत बोट घातलं आणि काळं ठिक्कर बाहेर आलं. बस डीझेलच्या मेकॅनिककडे नेली. त्याने हीटर उघडून दाखवला: आत काजळीचा थरावर थर, ती कांडी तर कोळशात पुरलेली. त्याने सगळं खरवडून साफ केलं. काल बस इतकी उबदार होती की वैद्यकाकांनी मफलर काढला. आईंनी ते जाहीर केलं आणि टाळ्या पडल्या.

आता तुझ्या शेवटच्या चार ओळींबद्दल. त्या वाचून मला राग आला, मग शंका आली की तू लिहिलंस ते खरं आहे म्हणून तर राग आला नाही ना? दोन दिवस स्वतःला तपासलं. नाही, कुमार. मला आई इथे हव्या आहेत. संध्याकाळी मी आत शिरले की त्या टीव्हीचा आवाज कमी करतात आणि विचारतात, "आज कोणी मूर्खपणा केला?" मी सांगते. दिवसभराचं ते एकच बोलणं असतं ज्यात मी काही सिद्ध करत नसते.

पण मी त्यांना "राहा" म्हटलेलं नाही. म्हटलं तर त्या माझ्यासाठी राहतील, मन तिकडे पुण्यात ठेवून. आणि मला त्या हव्यात त्यात आयती पोळी, ईशानीला सोबत, हे किती आणि बाकीचं किती, याचाही हिशेब मला लागत नाही. म्हणून विचारत नाही. मग वाटतं, न विचारणं हेही "जा" म्हणण्यासारखंच असेल का?

नीला

*

डार्विन, ३ जून

वहिनी,

चुकलो. पण हवेतून बोललो नव्हतो. आईच मला दर फोनला सांगते, "नीला दमते रे. तोंडाने काही म्हणत नाही, पण मी ऑगस्टला निघालेलीच बरी." हे तुला सांगू नको म्हणाली होती. सांगितलं. आता तिला कळलं तर मला डार्विनमध्येसुद्धा लपायला जागा नाही.

हीटर सुरू झाला हे छान, पण मला समाधान नाही. काजळी हा आजार नव्हे, लक्षण आहे. ज्योत नीट जळत असेल तर इतकी काजळी धरत नाही. साफ करून भागलं असं समजू नकोस. पुन्हा बिघडला तर मला आकडे पाठवू नकोस, अख्खा शनिवार लिही. हीटर केव्हा लावता, कोण लावतं, मध्ये काय होतं, बस घरी येईपर्यंत सगळं. कंटाळवाणं वाटलं तरी लिही.

कुमार

*

ट्रुगानिना, १५ जून

प्रिय कुमार,

बिघडला. काल विल्यमस्टाऊनच्या समुद्रावरून परत निघताना पांढरा धूर, लाल दिवा, सगळं तसंच. वारा बोचरा होता. वैद्यकाकांना तीन शाली गुंडाळल्या तरी दात वाजत होते. लीनाला त्यांच्या सुनेचा फोन गेला. लीनाने मला सांगितलं, रागाने नाही, पण सांगितलं: जुलैच्या मध्यापर्यंत बघू, नाहीतर बस विकायला काढू. मेकॅनिक म्हणतो नवा हीटर बसवा. तेवढ्या खर्चाला मंडळ हो म्हणणार नाही.

आई उतरताना म्हणाल्या, "म्हातारी बस आणि म्हातारी माणसं. दोघांना कोण किती दिवस तापवत बसणार?" हसून म्हणाल्या. मला हसू आलं नाही.

तू म्हणालास तसा शनिवार लिहिते.

सकाळी मी बस सुरू करते. आई माझ्याबरोबर येतात आणि हीटरचं बटण त्याच दाबतात. ते काम मी त्यांना दिलेलं नाही, त्यांनी घेतलं. पहिलं घर येईपर्यंत बस कोमट होते. सगळे चढले की गरम होतं, आई हीटर बंद करतात. "डीझेल काय फुकट येतं?" थोड्या वेळाने मागून कोणीतरी कुरकुरतं, "अहो कंडक्टरबाई, पाय गारठले!" की त्या पुन्हा लावतात. हे वाटभर चालू असतं आणि त्यावरून चेष्टामस्करी होते. वैद्यकाका म्हणतात, आमच्या घरी पण हिच्यासारखीच होती.

पोचल्यावर सगळे उतरतात. आई सर्वांत शेवटी. मागे जाऊन प्रत्येक सीटवर बघतात: चष्मा, पिशवी, कवळी (एकदा खरंच सापडली होती). खिडक्या लावतात. मग दाराजवळची लाल मूठ फिरवतात, ज्याने सगळ्या बसची वीज तुटते, आणि मला म्हणतात, "चल. गीझर बंद केला." दर वेळी हेच वाक्य. संध्याकाळी घरी आल्यावर पुन्हा तीच फेरी, तीच मूठ. मी तोवर चाकाला अडसर लावते. मग दोघी घरात येऊन चहा टाकतो.

बस, इतकंच. यात तुला काय सापडणार कोण जाणे.

नीला

*

डार्विन, १६ जून

वहिनी! सापडलं. तू स्वतः लिहिलंस आणि तुलाच दिसलं नाही.

गीझर!

आपल्या घरात लहानपणापासून काय ऐकलंय? अंघोळ झाली की गीझर बंद. झोपायला जाताना गीझर बंद केला का बघ. गावाला निघताना कुलूप लावून, जिना उतरून, परत वर जाऊन गीझर बघायचा. विजेच्या गीझरला ते चालतं, कारण त्यात ज्योत नसते. वीज तोडली, विषय संपला.

या हीटरमध्ये ज्योत आहे. बटण बंद केलं की डीझेल थांबतं, पण आत थोडं उरलेलं असतं. पंखा आणखी दोनतीन मिनिटं फिरत राहतो, ते जाळून बाहेर टाकतो. पाण्याचा पंपही फिरत राहतो, आतली धग काढून नेतो. हीटर निवतो. आई बटण नव्हे, मूठ फिरवते. पंखा जागच्या जागी थांबतो. उरलेलं डीझेल आतच धुमसतं आणि त्याची काजळी होते. दर शनिवारी दोनदा. त्यात वाटेत सारखं लावणं-बंद करणं. धड तापायच्या आत विझवलं की तेही काजळीच करतं. नवा हीटर घेतला असता तर तोही काही आठवड्यांत असाच झाला असता.

उपाय सोपा आहे. हीटरची तार त्या मुठीतून न नेता सरळ बॅटरीवरून घ्यायची, स्वतःचा फ्यूज लावून. खरं तर पहिल्यापासून तशीच हवी होती. कोणीतरी जुन्या मालकाने आळस केलाय. मग आईने मूठ कितीही फिरवली तरी हीटर आपला निवून मगच थांबेल. वाटेतल्या लावालावीसाठी "हा निदान अर्धा तास चालूच ठेवायचा असं मेकॅनिक म्हणाला" म्हणून सांग.

आणि आईला मुठीचं काही सांगू नकोस. तिला कळायची गरजच नाही.

कुमार

*

ट्रुगानिना, १८ जून

प्रिय कुमार,

तुझी मेल वाचून आधी मी मोठ्याने हसले, मग पाठ दुखेपर्यंत खुर्चीत बसून राहिले.

तार बदलून घेते, हीटर पुन्हा साफ करून घेते. पण न सांगता? विचार कर. त्या शेवटची फेरी मारतील, मूठ फिरवतील, गीझर बंद केला म्हणतील, आणि मला ठाऊक असेल की त्या मुठीने हीटरला काही होत नाही. लहान मुलाला खोटं स्टिअरिंग द्यावं तसं. ज्या बाईने कवळी कोणाची ते न विचारता ओळखलं, तिला मी खोटी मूठ धरायला देणार?

आणि सांगायचं तर काय सांगायचं? वैद्यकाका कुडकुडले ते तुमच्यामुळे? लीना बस विकायला निघाली ती तुमच्यामुळे? त्यांच्या एवढ्या एका कामात खोट काढायची, तीही आत्ता, तिकीट दाराशी आलेलं असताना?

खरं बोलायची माझी ओढ नेहमीच चांगली नसते. कधीकधी मला फक्त स्वतःला हलकं वाटायला हवं असतं. हे तसं आहे का, ते ठरत नाही.

नीला

*

डार्विन, २० जून

वहिनी, नको सांगूस.

मी तिच्या पोटी जन्मलोय, माझं ऐक. आई चूक मान्य करते, भांडत नाही. पण मग त्या वस्तूला पुन्हा हात लावत नाही. तिच्याकडून मिक्सरचं भांडं फुटलं तेव्हा वर्षभर चटण्या खलबत्त्यात झाल्या. "मला ते यंत्र जमत नाही," म्हणायची, अगदी शांतपणे. तू मुठीचं सांगितलंस की ती बस सोडेल. बस सोडली की पुण्याची बॅग भरेल. तुला बस वाचवायची आहे की आई?

तार बदल, गप्प राहा, ती खूश, म्हातारे खूश, लीना खूश. एवढं एक खोटं माझ्या नावावर लिही.

कुमार

*

ट्रुगानिना, ६ जुलै

प्रिय कुमार,

सांगितलं.

तार बदलून बस आली त्या दिवशी आई स्वतःहून विचारायला आल्या, "काय निघालं शेवटी?" मी काहीतरी थातुरमातुर सुरू केलं आणि वाक्य अर्ध्यात राहिलं. मग त्यांना बसकडे नेलं, हीटर लावला, बटणाने बंद केला, आणि खाली वाकून ऐका म्हटलं. पंखा फिरत होता. "हा असा दोनतीन मिनिटं निवतो, आई. आपण मूठ फिरवली की तो मध्येच गुदमरायचा. त्याचीच काजळी." तुझी युक्तीही सांगितली. लपवायला घेतलं असतं तर कुठे थांबायचं ते मला कळलं नसतं. रागावू नकोस.

त्या पंखा थांबेपर्यंत तशाच वाकून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मीच." एवढंच. घरात जाऊन भाजी निवडायला बसल्या.

काल शनिवार होता. सकाळी मला वाटलं येणार नाहीत. आल्या. पण मागच्या सीटवर जाऊन बसल्या, हात मांडीवर ठेवून. बटण मी दाबलं. कोणी कुठे बसायचं यावरून गोंधळ झाला. दोन काकू एकमेकींशेजारी बसल्या आणि वेरिबीपर्यंत भांडल्या. वैद्यकाका म्हणाले, "आज कंडक्टरबाई रजेवर का?" आई म्हणाल्या, "मी आज प्रवासी." शेवटची फेरी मी मारली. एक शाल राहिली ती मला दिसली नाही.

हीटर मात्र दिवसभर एकदाही रुसला नाही. लीनाला शालींशिवाय बसलेल्या मंडळींचा फोटो पाठवला, तिने बस विकायचा विषय मागे घेतला. हीटर दुरुस्त झाला आणि आई बिघडल्या. संध्याकाळी टीव्हीचा आवाज त्यांनी कमी केला नाही. मीच जाऊन शेजारी बसले. जे इतके दिवस म्हणाले नव्हते ते तेव्हा म्हणाले, "आई, तुम्ही ऑगस्टला जाऊ नका. मला तुम्ही हव्या आहात. बसचं राहू द्या." त्या टीव्हीकडेच बघत होत्या. मग म्हणाल्या, "जाहिराती किती लावतात हे लोक."

तू बरोबर होतास, असं लिहायला बसले होते. पण तसंही वाटत नाही. काय वाटतं ते कळलं की कळवीन.

नीला

*

ट्रुगानिना, शुक्रवार, ११ जुलै

कुमार,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत नाही. हे पत्र ईशानीने पाकीट आणि पोस्टाचं तिकीट आणून दिलं म्हणून निघतं आहे. तिला तोंड बंद ठेवायला सांगितलं आहे. "नो वरीज, आजी," म्हणाली.

तार परस्पर फिरवून मला मूठ फिरवत ठेवायची ही तुझी अक्कल. मी काय खुळखुळा वाजवायला आले होते? भेटलास की बघते. तार नव्याने घातली ते योग्यच झालं, उद्या दुसरं कोणी शेवटी उतरलं तर तेही हेच करेल.

वाईट वाटलं. चार रात्री बरी झोप लागली नाही. वैद्यांचे दात वाजत होते ते डोळ्यांसमोर येत होतं. पण मग दुसरंच मनात यायला लागलं. मी इथे आल्यापासून आमटीत मीठ जास्त पडलं तरी नीला म्हणते, छान झाली. मी तिच्या सुती साड्या गरम पाण्यात टाकून आटवल्या, तर म्हणते, असू दे, जुन्याच होत्या. राघवही तेच, तूही फोनवर तेच. कोणी मला एक अक्षर बोलत नाही. पाहुण्यांशी असंच वागतात ना? पाहुणी आहे म्हटल्यावर आपण किती दिवस राहायचं याचा विचार आपणच करायचा असतो. म्हणून तुला ऑगस्टचं सांगत होते.

त्या दिवशी तिने मला वाकायला लावलं आणि चूक दाखवली. पोरगी घाबरली होती, तरी बोलली. पुण्यात तुझ्या बाबांनंतर असं मला कोणी बोललं नव्हतं.

तेव्हा ते तिकीट रद्द कर. तारीख बदलू नकोस, रद्द कर. व्हिसाचे जे कागद असतील ते राघव आणि तू बघा. पुण्याच्या फ्लॅटची किल्ली शेजारी आहे, त्यांना मी कळवते.

उद्या डेल्सफर्डला जायचं आहे. त्या दोन बायकांना पुन्हा शेजारी बसू देणार नाही. हीटर सबंध वाट चालू ठेवायचा, मग बटणाने बंद करायचा, पंखा थांबेपर्यंत मी आतच बसायचं, असं ठरवलं आहे. तोवर सीटखाली बघून होतं.

नीलाला अजून काही बोललेले नाही. तिने मला राहा म्हटलं तेव्हा मी जाहिरातींचं काहीतरी बोलले. समोरासमोर मला ते जमत नाही. हे पत्र तुला पोचेपर्यंत माझं सांगून झालेलं असेल. उद्या परत येताना सगळे पेंगतात. तेव्हा मी तिच्या मागच्या सीटवर जाऊन बसेन. ती रस्त्याकडे बघत असते, वळून बघू शकत नाही. तेव्हा सांगेन.

आई